आधी फेऱ्या मांडा, मग सायकल बघा: विश्रामबागेतल्या एका घराचं प्रकरण

सांगलीच्या विश्रामबागेत माझी मावसबहीण राहते. घरात पाच माणसं: ती, दाजी, तिचे सासरे आबा, आठवीत जाणारी मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. बहीण मिरजेतल्या एका रुग्णालयात नर्स आहे. दाजी मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी आहेत. मे २०२४ मध्ये तिचा फोन आला, "दादा, शाळा सुरू व्हायच्या आत सायकली घ्यायच्यात. दुकानातनं कोटेशन आणलंय, तू फक्त एकदा बघ."

कोटेशन तीन सायकलींचं होतं. बहिणीला एक, दाजींना एक, भाचीला एक. तिन्हींना पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि २१ गिअर. रक्कम पंचेचाळीस हजारांच्या वर. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, कुलूप आणि दिवा या सगळ्यांचा उल्लेख शेवटच्या एका ओळीत, 'अ‍ॅक्सेसरीज' म्हणून, दर वेगळा. रोज वापरायच्या सायकलीचं असं उलटं दरपत्रक मी गेली काही वर्षं सारखं बघतोय आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो. अशा सायकली घेतलेली घरं दोन-तीन महिन्यांत परत स्कूटरवर येतात आणि "आमच्याच्यानं सायकल काही होत नाही" असं ठरवून मोकळी होतात. त्यांच्या पायांत काही कमी नसतं. रानावनात उड्या मारायची सायकल त्यांना दळण आणायला दिलेली असते.

पुरावा त्यांच्याच पार्किंगमध्ये उभा होता. भाचीला अकराव्या वाढदिवसाला घेतलेली रेंजर, मोठ्या शॉकअपची. घरातल्या वजनकाट्यावर ती १७ किलो भरली. मडगार्ड नसल्यामुळे पहिल्याच पावसाळ्यात शाळेच्या शर्टावर पाठभर चिखलाची रेघ उठायला लागली. कॅरिअर नाही, म्हणून दप्तर पाठीवर. स्टँड नाही, म्हणून शाळेत ती भिंतीला टेकवून ठेवायची, कोणाचा तरी धक्का लागून पडायची आणि मागचा गिअर वाकायचा. मग चेन मधेच उडी मारायची. मुलीनं सायकल सोडली यात नवल काही नाही.

तिच्या शेजारी आबांची काळी अ‍ॅटलस. आबांचं जुनं घर जुन्या सांगलीतल्या गावभागात होतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी आहे ४५ फूट. त्या पुरात घराबरोबर सायकलही बुडाली. नंतर ही मंडळी विश्रामबागेत राहायला आली. सायकल टेम्पोतून बरोबर आली, पण तेव्हापासून चाक हललं नव्हतं.

फेऱ्यांची यादी

मी कोटेशन बाजूला ठेवायला सांगितलं आणि भाचीची एक जुनी वही मागून घेतली. माझं एकच म्हणणं होतं: सायकल कोणासाठी घ्यायची हा प्रश्न नंतरचा. आधी घरातून रोज कोण, कुठे, किती वाजता, काय घेऊन जातं ते लिहायचं. त्यातून किती सायकली लागतात आणि कशा लागतात ते आपोआप दिसतं.

वहीत उतरलं ते असं. आबा सकाळी सातला दूध, फुलं आणि भाजी आणायला जातात, साडेआठपर्यंत परत. अंतर कमी, पण परतताना दोन पिशव्या. दहाच्या आत मुलाला बालवाडीत सोडायचं असतं. बहिणीची सकाळची ड्युटी असली की हे काम दाजींचं, दुपारची असली की तिचं. दाजींना साडेदहाला यार्डात पोचायचं असतं, दोन-अडीच किलोमीटर. बरोबर डबा आणि हिशेबाच्या वह्यांची पिशवी. भाचीची शाळा अकरा ते पाच, दोनेक किलोमीटरवर, दप्तर चांगलंच जड. बहिणीला मिरजेला जायचं म्हणजे सहा किलोमीटरच्या आसपास, आणि तेही सांगली-मिरज रस्त्यानं, जिथं एसटी, ट्रक, वडापच्या जीपगाड्या सगळंच असतं. शिवाय आठवड्याचं दळण, आणि कधीतरी चौघांनी मिळून गणपती मंदिराला जाणं.

ही यादी समोर आल्यावर दोन गोष्टी लगेच दिसल्या. पहिली, सगळ्यात अवघड फेरी बहिणीची आहे आणि सगळ्यात नाजूक फेरी मुलाची. कोटेशनमध्ये या दोन्हींसाठी काहीच नव्हतं. दुसरी, आबांची फेरी साडेआठला संपते आणि दाजींची पावणेदहाला सुरू होते. म्हणजे या दोघांना मिळून एक सायकल पुरते.

रात्रपाळी आणि दुपारची ड्युटी आम्ही तिथंच यादीतून काढून टाकली. दुपारची ड्युटी सुटते रात्री नऊला, आणि त्या वेळी त्या रस्त्यावर बहिणीनं सायकल चालवावी असं मला वाटत नाही, तिलाही वाटत नव्हतं. त्या दिवशी स्कूटर. सगळ्या फेऱ्या सायकलवर आणायचा हट्ट धरला की एका अवघड फेरीपायी दहा सोप्या फेऱ्याही बुडतात.

मिस्त्रींच्या टपरीवर

दुकानात जाण्याआधी आम्ही घराजवळच्या सायकल मिस्त्रींकडे गेलो. माझा हा नेहमीचा क्रम आहे. त्यांच्या टपरीत वर खिळ्याला ट्यूब टांगलेल्या होत्या, आणि मी फक्त त्या वाचत गेलो. २८ × १½, २६ × १⅜, २६ × १.९५, २० आणि २४ इंची लहान मुलांच्या. साडेसत्तावीस इंची एकही नव्हती. विचारलं तर म्हणाले, "मागवून देतो की, पण दोन दिवस लागतील." ज्या सायकलीवर नर्सला सकाळी आठच्या आत मिरज गाठायची आहे, तिच्या ट्यूबला दोन दिवस लागून चालत नाहीत. कोटेशनमधल्या तिन्ही सायकलींची चाकं साडेसत्तावीस इंची होती.

मापाचा घोळ आपल्याकडे फार होतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ३७-५९०. पहिला टायरची रुंदी, दुसरा टायर रिमवर जिथं बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. जुन्या काळ्या सायकलीचा २८ × १½ टायर म्हणजे ६३५. लेडीज सायकलीचा २६ × १⅜ म्हणजे ५९०. रेंजरचा २६ × १.९५ म्हणजे ५५९. साडेसत्तावीस इंची म्हणजे ५८४. दोन टायरांवर '२६' लिहिलेलं असलं तरी एकाचा व्यास ५९० आणि दुसऱ्याचा ५५९. एकाचा टायर दुसऱ्याला कधीच बसणार नाही. टायर आणायला घरातल्या कोणालाही पाठवायचं तर हा दुसरा आकडा कागदावर लिहून द्यावा.

मिस्त्रींनी अ‍ॅटलसही तिथंच उघडून बघितली. पुराचं पाणी हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्यात, शिरून ग्रीस धुऊन गेलं होतं आणि छर्रे गंजून कोनला, म्हणजे ते ज्यावर फिरतात त्या भागाला, चिकटले होते. क्रँकमध्ये वाळलेला गाळ. फ्रेम मात्र शाबूत होती. अ‍ॅटलस कंपनी १९५१ सालची, सोनीपतची. तिचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनालाच, बंद पडला. आबांना वाटत होतं की आता हिचे भाग कुठून मिळणार! पण काळ्या सायकलीची मापं देशभर एकच आहेत. लुधियानाचे कोन, छर्रे, एक्सल तिला जसेच्या तसे बसतात. कोन-छर्रे, टायर-ट्यूब, चेन, फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं दात्यांचं चक्र), ब्रेकचे रबर आणि मजुरी मिळून तीन हजारांच्या आतला हिशेब निघाला. ही सायकल दळणासाठी आणि दाजींच्या रिकाम्या हातांच्या दिवसांसाठी ठेवायची असं ठरलं.

एक मर्यादा मात्र मी तेव्हाच सांगितली. अ‍ॅटलसचे काडीचे ब्रेक, म्हणजे तारेऐवजी लोखंडी काड्यांनी ओढले जाणारे, स्टीलच्या रिमवर आतल्या बाजूनं दाबतात. रिम ओली झाली की ती सायकल थांबायला कोरड्याच्या कितीतरी पट जास्त अंतर घेते. त्या रिमला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे दाबणारे साधे कॅलिपर ब्रेक लावता येत नाहीत, कारण दोन्ही बाजूंना रबर टेकायला सपाट जागाच नसते. त्यामुळे पावसात अ‍ॅटलस बाहेर काढायची नाही. नवीन सायकलींना अ‍ॅल्युमिनिअमच्या रिम हव्यात हे मी आग्रहानं सांगितलं ते याच कारणासाठी. पावसाळ्यात चार महिने रोज ब्रेक दाबायचे असतात, आणि रिम स्टीलची की अ‍ॅल्युमिनिअमची यानं जेवढा फरक पडतो तेवढा शॉकअपनं काहीच पडत नाही.

मुलाची जागा

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मुलाच्या बसण्यावर, आणि तो जायलाच हवा होता.

आपल्याकडे मूल नळीवर टॉवेल गुंडाळून बसवतात किंवा कॅरिअरवर दोन्हीकडे पाय टाकून. बहिणीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "दादा, टाच सोलून आलेली पोरं मी वॉर्डात बघितलीत. आधी जाळी, मग रंग." मागे बसलेल्या मुलाचा पाय चाकाच्या तारांत जातो, चाक फिरत राहतं, आणि तारा व फ्रेमची नळी यांच्यामध्ये टाच अडकते. कातडी तर जातेच, कधी आतलं हाडही मोडतं. चालवणाऱ्याला कळेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. मूल दमलं किंवा पेंगलं की पाय आपोआप आत येतात, त्यामुळे "पाय लांब ठेव रे" एवढं सांगून भागत नाही.

म्हणून मुलाला नेणाऱ्या सायकलीचा नकाशा चाकापासून सुरू झाला. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी तारांची जाळी, एका बाजूला नव्हे, दोन्ही. बोट आत जाणार नाही इतकी दाट. त्यावर पाय ठेवायला पायदान आणि पावलावरून घ्यायचा पट्टा. पाठ टेकायला उंच सीट, कमरेला पट्टा. मुलाचं वजन तेव्हा १७ किलो होतं. सीटवर २२ किलोची मर्यादा छापलेली होती आणि कॅरिअरवर २५. कॅरिअरचे पाय थेट मागच्या एक्सलजवळ बोल्टनं बसणारे घेतले. सीटच्या दांडीला एकाच क्लॅम्पनं लटकणारं कॅरिअर मुलासाठी कधीही वापरू नये. खड्ड्यात ते फिरतं.

स्टँड डबल हवा. साइड स्टँडवर उभ्या सायकलीत मूल चढलं की सायकल कलंडते, आणि मूल चढवताना होणारे अपघात रस्त्यावरच्या अपघातांइतकेच टाळायला हवेत. डबल स्टँड पायानं दाबून सायकल मागे ओढली की ती दोन पायांवर ठाम उभी राहते, मग मूल बसवायचं, पट्टे लावायचे, मग स्टँड काढायचा. उतरवताना याच्या उलट. दाजींकडून हे बोलत बोलत पाठ करून घेतलं.

हेल्मेट घेताना एक बारीक अडचण कळली. मागून फुगीर असलेलं हेल्मेट उंच सीटला टेकतं आणि मुलाचं डोकं पुढे ढकललं जातं. मागून सपाट असलेलं घ्यायचं, आणि घेताना मुलाला त्या सीटवर बसवूनच बघायचं.

दाजींचा प्रश्न

आता ही मुलाची सायकल चालवणार कोण? बहुतेक दिवशी दाजी. आणि मी सांगत होतो ती फ्रेम होती खालून वाकलेली, म्हणजे लोकांच्या भाषेत लेडीज सायकल. दाजी गप्प झाले. मग म्हणाले, "यार्डात हमाल-मापाडी सगळे ओळखीचे. दिवाणजी लेडीज सायकलवर आले म्हणतील. त्यापेक्षा माझ्या वडिलांची अ‍ॅटलस आहे की, तिलाच सीट लावू."

हा आक्षेप मी हसण्यावारी नेला नाही. माणूस रोज ज्या वाहनावर लोकांसमोरून जातो त्याची त्याला लाज वाटत असेल तर ते वाहन टिकत नाही. वाद घालण्याऐवजी मिस्त्रींच्या टपरीवर अ‍ॅटलसच्या कॅरिअरला ती सीट नुसती बांधून बघितली, मुलाला बसवलं आणि दाजींना म्हटलं, "आता बसा तुम्ही." उंच दांडीच्या सायकलवर आपण पाय मागून फिरवून चढतो. मागे उंच पाठीच्या सीटवर मूल बसलेलं असलं की तो पाय फिरवायला वाटच उरत नाही. पुढून दांडीवरून पाय काढावा तर दाजींचा तोल गेला, आणि सायकल आम्ही तिघांनी धरली होती म्हणून सावरली. मग वाकलेल्या फ्रेमची सायकल घेतली. पाय सरळ आत टाकला, दोन्ही पावलं जमिनीवर, मूल मागे स्थिर. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

जपानमध्ये याच घडणीची सायकल घरोघर असते, तिला ममाचारी म्हणतात. वाकलेली फ्रेम, पुढे टोपली, डबल स्टँड, चेनला आवरण, मागच्या चाकाला जागचं कुलूप, मडगार्ड आणि दिवा, सगळं मुळातच लावून येतं. आई पोरांना त्यावर नेते, आणि कोट घातलेले पुरुषही तीच सायकल स्टेशनपर्यंत घेऊन जातात. आपल्याकडे या फ्रेमवर 'लेडीज' असा शिक्का बसला, आणि त्यामुळे गुडघे दुखणारे आजोबा, धोतर नेसणारे, मूल नेणारे बाप अशी ज्यांना तिची खरी गरज आहे ती माणसं तिला हात लावत नाहीत. आबांचंच बघा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांचा पाय दांडीवरून जात नव्हता, एवढ्याच कारणानं त्यांची सायकल सुटली होती. चालवायची ताकद आणि तोल दोन्ही शाबूत होतं.

आबा आणि दाजी दोघांनी मिळून वापरायची ही घरची सायकल २६ × १⅜ ची, बिनगिअरची घेतली. सीट वर-खाली करायला पाना लागू नये म्हणून हातानं सुटणारा क्लॅम्प बसवला, आणि भाचीनं सीटच्या दांडीवर नेलपॉलिशनं दोन रेघा ओढल्या, खालची आबांची, वरची दाजींची. उंची ठरवायची रीत सोपी आहे: टाच पायडलवर ठेवून पायडल खाली नेलं की पाय सरळ व्हावा. आबांसाठी आम्ही त्याहून थोडी खाली ठेवली, थांबताना दोन्ही पावलं टेकावीत म्हणून. गुडघ्याला थोडा ताण पडतो, पण त्यांच्या अंतराला चालतं.

मिरजेची फेरी

बहिणीच्या फेरीला गिअर लागतात. सांगली-मिरज रस्ता सपाट आहे, मग गिअर कशाला, असं दाजींनी विचारलं. उत्तर वाऱ्यात आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. मिरजेला जाताना तो पाठीवर असतो, आणि ड्युटी करून दमून परतताना थेट तोंडावर. त्या वाऱ्यात बिनगिअरची सायकल ओढणं म्हणजे सहा किलोमीटरचा चढच. पण त्यासाठी २१ गिअर लागत नाहीत. मागे सात, पुढे एकच दात्यांची प्लेट, एवढं पुष्कळ झालं. पुढे एकच प्लेट असली की चेनला आवरण बसवता येतं, आणि सलवार-ओढणीवाल्या बाईला चेनचं आवरण हवंच. पुढे ४२ दाते आणि मागे १४ ते २८ असतील तर २६ इंची चाकावर पायडलच्या एका फेरीत सायकल हलक्या गिअरला तीन मीटरच्या आसपास जाते आणि जडला सहाच्या. तोंडावरचा वारा आणि पाठीवरचा वारा दोन्ही त्यात बसतात.

ब्रेक व्ही-ब्रेक घेतले, म्हणजे दोन उभ्या दांड्यांनी रिमवर रबर दाबणारे. डिस्क वाईट असते असं माझं म्हणणं नाही, पावसात ती चांगलीच. पण स्वस्त सायकलीवरच्या तारेच्या डिस्कला वरचेवर जुळवावं लागतं, एक्सलजवळच्या तिच्या ब्रेकच्या भागामुळे कॅरिअरचा पाय नीट बसत नाही, आणि मिस्त्रींकडे तिचे पॅड नव्हते. व्ही-ब्रेकचे रबर होते. पुढचा काटा साधा, शॉकअपशिवाय. शॉकअपनं वाढणारे दीड-दोन किलो त्या रस्त्यावर ती कशासाठी वाहणार? थोडा रुंद टायर आणि बरोबर हवा यानं खड्डे पुरेसे सोसले जातात.

विजेच्या सायकलीचाही विचार झाला, कारण वाऱ्यावर ते खरं उत्तर आहे. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा पाळणाऱ्या सायकलीला नोंदणी किंवा परवाना लागत नाही. पण त्या सायकलीचं वजन तेवीस-पंचवीस किलो, मिरजेच्या रुग्णालयात तिला सुरक्षित जागा नाही, आणि महिन्यातले निम्मे दिवस ड्युटीमुळे ती घरीच राहणार. बहिणीची ड्युटी कायम सकाळची झाली तर मी तिला तीच घ्यायला सांगेन.

दिवे मात्र तिनं स्वतः निवडले. मागे लाल दिवा, दिवसाही लुकलुकणारा. "ट्रकवाल्याला मी दिसले पाहिजे, मला रस्ता दिसो न दिसो," हे तिचं म्हणणं.

भाचीचं म्हणणं

भाचीला बिनगिअरची, टोपलीवाली सायकल नको होती. "मामा, ती काकूबाई सायकल आहे." तिच्या वर्गात सगळ्यांकडे रेंजर होत्या. मी तिला रंग आणि हँडल निवडू दिलं, आणि बाकी चार गोष्टी माझ्या ठेवल्या: मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर. तिनं सरळ हँडलची, तिरक्या नळीची, गडद हिरवी सायकल निवडली. चाकं घरच्या सायकलीसारखीच २६ × १⅜, म्हणजे दोन्हींना एकच ट्यूब घरात ठेवली की काम झालं.

तिच्या सायकलीत एक छोटी गोष्ट केली, जी मी सगळ्यांना सुचवतो. कंपनीतून पुढे ४४ आणि मागे १८ दात्यांचं फ्रीव्हील आलं होतं. पायडलच्या एका फेरीत सायकल पाच मीटर जाते. दप्तर लादलेल्या तेरा वर्षांच्या मुलीला निघताना ते जड पडतं. मिस्त्रींनी २० दात्यांचं फ्रीव्हील बसवलं, तेव्हा ते अंतर साडेचार मीटरवर आलं. खर्च दोन-अडीचशे. वेग थोडा कमी होतो, पण सिग्नलवरून निघताना सायकल डुलत नाही, आणि गर्दीत त्याचीच किंमत असते. जुनी रेंजर चार हजारांना गेली, घेणारा कुपवाडचा एक मुलगा होता आणि त्याला ती खरोखर माळावर चालवायची होती.

हिशेब आणि नंतरचं

सगळं मिळून, अ‍ॅटलसची दुरुस्ती, मुलाची सीट, जाळ्या, दिवे, हेल्मेट धरून आणि रेंजरचे पैसे वजा करून, बत्तीस हजारांच्या आसपास खर्च आला. सगळ्यात महाग बहिणीची, चौदा हजारांची. पैसे वाचवणं हा हेतू नव्हता. अवघड फेरीवर खर्च करायचा आणि सोप्या फेरीवर करायचा नाही, एवढं पाळलं की हिशेब असाच येतो.

पहिल्या पावसाळ्यानं काही दुरुस्त्या करायला लावल्या. मडगार्ड लांबीला कमी पडली, पायांवर पाणी उडत होतं. मिस्त्रींनी जुन्या ट्यूबचे तुकडे कापून खाली झालर लावली. मुलाच्या सीटचे बोल्ट महिन्याभरात सैल झाले, तेव्हा नायलॉनचे नट घातले, आणि आता दर रविवारी दाजी पाना लावून बघतात. चेनला पावसात दर आठवड्याला तेल लागतं. बहिणीच्या सायकलीची चेन अर्धीच झाकलेली असल्यामुळे ती लवकर गंजते, घरच्या सायकलीची पूर्ण बंद असल्यामुळे जवळजवळ कोरडी राहते. पूर्ण बंद चेनकव्हर असलेली गिअरची सायकल आपल्या बाजारात त्या किमतीला मिळाली नाही. ही उणीव कंपन्यांनी भरून काढावी असं मला कळकळीनं वाटतं, कारण पावसात कामाला जाणारी बाई हे त्यांचं गिऱ्हाईक आहे आणि त्यांना ते दिसत नाही.

बहीण सकाळच्या ड्युटीला सायकलनं जाते, जोराचा पाऊस असेल तेव्हा स्कूटरनं. आबा रोज भाजी आणतात आणि आता वाटेत मित्राकडे थांबून येतात, त्यामुळे दाजींना पावणेदहाला सायकल मिळते का यावरून अधूनमधून बोलणं होतं. तसं झालं तर दाजी मुलाला चालत सोडतात आणि अ‍ॅटलस काढतात. यार्डात कोणी काही म्हटलं का, असं मी विचारलं. एका हमालानं सीट कुठून आणली ते विचारलं, त्याला त्याच्या नातवासाठी हवी होती, एवढंच. २०२५ च्या पाडव्याला दाजींनी आपली मोटारसायकल विकली. स्कूटर आहे आणि ती राहणार.

पुढचा प्रश्न मुलाचा आहे. त्याचं वजन २१ किलोच्या पुढे सरकलंय आणि सीटची मर्यादा २२ ची. त्याला स्वतःची २० इंची लागेल, शाळा जवळ असल्यामुळे चालवत नेताही येईल, सोबत मोठं माणूस हवं. सायकलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झालाय, त्यामुळे नवी घेतली तरी थोडी स्वस्त पडेल. तरी मी बहिणीला जुनी बघायला सांगितलंय, कारण दोन वर्षांत तो त्यातून मोठा होईल. वजनाला हलकी, ब्रेकची मूठ त्याच्या बोटांत मावणारी आणि शॉकअप नसलेली. मिस्त्रींना सांगून ठेवलंय. त्यांच्याकडे एक आली होती, पण तिच्या ब्रेकच्या मुठी त्याच्या हाताला मोठ्या पडल्या, म्हणून परत केली.